रुहीची आते

मनोहर रामटेक्यांना म्हातारपणी सिनेमात काम करायची हौस आली, असं त्यांचा मुलगा विवेक अमेरिकेतल्या सगळ्या नोव्हाय गावभर सांगत सुटला होता. हे धादांत खोटं आहे. हौसबिस काही नव्हती. रोवेनानं विचारलं आणि रोवेनाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं, एवढंच.

रोवेना म्हणजे त्यांची काळजी घ्यायला येणारी फिलिपिनो बाई. गेल्या हिवाळ्यात मनोहरराव ड्राइव्हवेवरच्या न दिसणाऱ्या बर्फावरून घसरले आणि खुबा मोडून बसले. पेपर बघायला बाहेर पडलो होतो, असं ते सांगतात. खरं म्हणजे मुलानं 'बाबा, बाहेर जाऊ नका' म्हणून बजावलं होतं, म्हणूनच ते गेले होते. ऑपरेशन झालं, मांडीत सळई बसली, आणि मुलगा-सून दोघंही दिवसभर कामावर असल्यामुळे एका एजन्सीनं रोवेनाला पाठवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. वर्धा डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात घालवलेला माणूस. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल हे ज्यानं माइकवरून सांगायचं, त्याला आता एक परकी बाई सांगणार की आधी डावा पाय टाका! पण रोवेना त्यांच्याहून वस्ताद निघाली. त्यांनी तोंड फिरवलं की ती मुकाट्यानं त्या बाजूला जाऊन उभी राहायची. व्यायाम करताना ती तिच्या भाषेत आकडे मोजायची, हे आपल्या भाषेत, आणि कोण आधी दहावर पोचतं याची शर्यत लागायची. मग एक दिवस हात धुताना तिच्या तोंडून 'सबोन' असा शब्द निघाला आणि मनोहररावांनी कान टवकारले. सबोन म्हणजे साबण! तिथून दोघांना नादच लागला. टेबलाला तिच्याकडे मेसा, आपल्याकडे मेज. शिक्षकाला गुरो. चेहऱ्याला मुखा. गरीब माणसाला तिच्या भाषेत दुखा म्हणतात हे कळलं तेव्हा मात्र मनोहररावांनी हात जोडले. मग म्हणाले, "बरोबर आहे. तथागतानं सांगितलेलं तुमच्याकडेही पोचलेलं दिसतं."

एकच शब्द त्यांनी तिला कधी विचारला नाही, कारण तो विचारायची गरजच त्यांना वाटली नाही.

तो शब्द त्यांच्या नातीनं घरात आणला. रुही इथंच जन्मलेली, तिसरीतली पोर. इंग्रजीत चुरूचुरू बोलायची, आणि मराठी फक्त आजोबांपुरती नि खाण्यापिण्यापुरती ठेवायची. रोवेना यायला लागून आठवडाही झाला नसेल, तर रुही शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि ओरडली, "आते, आते, लुक! माय टूथ!" आणि पडलेला दात रोवेनाच्या हातावर ठेवला.

सोफ्यावर पडलेले मनोहरराव उठून बसायला गेले आणि खुब्यातून कळ आली. आते! त्यांच्या वर्ध्याकडच्या गावात आत्याला आतेच म्हणत. सुजातानं पोरीला शिकवलेलं दिसतंय, घरात येणाऱ्या बाईला नुसतं नावानं नको, नात्यानं हाक मार म्हणून. सून गुणाची आहे, असं त्यांनी त्या दिवशी मनोमन कबूल केलं, आणि तोंडानं अर्थातच काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तेही तिला आते म्हणू लागले. घराघरांत चालतं तसंच हे. लेकराच्या नात्यानं हाक मारायची. स्वतःच्या बायकोला त्यांनी अख्ख्या संसारात 'विवेकची आई' याखेरीज दुसरं नाव दिलं नव्हतं. त्या बाईला विवेकच्या पाठीवर मुलगी हवी होती. ती झाली नाही. चुलत पुतणीचा फ्रॉक शिवताना ती दोन शिवायची आणि एक ट्रंकेत ठेवायची, हे मनोहररावांना ती गेल्यावर कळलं.

रुहीची आते म्हणजे विवेकची बहीण. विवेकची बहीण म्हणजे... पुढचं मनोहरराव मनातसुद्धा पुरं म्हणत नसत. पण त्यांना ते फार गोड वाटे. जेवणानंतर स्वतः ओट्याशी उभं राहून ते चहा टाकत, रोवेनाला खुर्चीवर बसवत आणि म्हणत, "आते, बस. चहा घे." ती हसून म्हणे, "थँक यू, सर." हे 'सर' त्यांना खटके. पण एजन्सीचा नियम असेल, म्हणून ते सोडून देत.

मग सप्टेंबरात एका रात्री जेवताना सुजातानं विषय काढला. "बाबा, आता तुम्ही वॉकरशिवाय चालता, जिना चढता. एजन्सीला कळवलंय मी. ऑक्टोबर संपला की रोवेनाचं बंद करतोय. चालेल ना?"

"बरं," मनोहरराव म्हणाले.

काय बरं? 'राहू द्या तिला' म्हणावं, तर ती काय ठेवायची वस्तू आहे? आणि तिला 'जाऊ नकोस' म्हणायचं, ते कुठल्या हक्कानं? पाय बरा झाला, काम संपलं. एजन्सी तिला दुसऱ्या घरी पाठवेल, तिथं दुसरा कुणी म्हातारा असेल, आणि मनोहररावांच्या फोनमध्ये तिचं नाव तेवढं राहील. रोज स्टँडवर भेटणारी माणसं बदली झाली की कशी कायमची दिसेनाशी होतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. या वेळी त्यांना ते नको होतं. मनातून त्यांना रडू येत होतं, आणि ताटातली वांग्याची भाजी तिखट झालीय असं सांगून त्यांनी डोळे पुसले.

नेमक्या त्याच आठवड्यात रोवेनानं सिनेमाचं विचारलं. दर ऑक्टोबरला तिकडच्या फिलिपिनो लोकांचा सिनेमा महोत्सव भरे. नर्सा, इंजिनिअर, दुकानदार, ज्याला सुचेल तो वर्षभर सुट्टीच्या दिवशी छोटासा सिनेमा काढी, आणि शेवटी बक्षिसं. रोवेना दोन-तीन वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात राबली होती. यंदा तिनं स्वतःचा काढला होता, फोनवरच. त्यात एक म्हातारा हवा होता.

"सर, तुम्ही काहीच करायचं नाही. रोज करता तेच करा."

"मी तर रोज काहीच करत नाही."

"तेच हवंय," रोवेना म्हणाली.

शूटिंग घरच्याच ओट्याशी झालं. दूध उतू गेलं, रुहीला हसू आवरेना, तिला बाहेर काढलं. मनोहररावांनी चहा गाळला, खुर्ची ओढली, म्हणाले, "आते, बस. चहा घे." रोवेनानं फोन खाली ठेवला आणि पाठ फिरवून ती उतू गेलेलं दूध पुसायला लागली. मनोहररावांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

महोत्सवाच्या शनिवारी दुपारी चौघंही हॉलवर पोचले. दारातच कुणीतरी शेवयांसारख्या पॅन्सितनं भरलेली ताटली हातात दिली. मनोहररावांनी पांढरा सदरा घातला होता, आणि तिथले निम्मे म्हातारेही पांढऱ्या झुळझुळीत शर्टांत होते, त्यामुळे दोन आज्यांनी त्यांच्याशी थेट आपल्या टगालॉग भाषेतच गप्पा सुरू केल्या. त्यांनीही 'मेसा, सबोन, मुखा' करून वेळ मारून नेली. रोवेना लाल पोशाखात इकडून तिकडे धावत होती. तिला तशी नटलेली पाहून त्यांचा ऊर भरून आला.

दिवे गेले. रोवेनाचा सिनेमा लागला. गोष्ट एका मुलीची होती. बाप बोटीवर, आई हाँगकाँगला दुसऱ्यांच्या घरी कामाला, आणि ही दहा वर्षांची पोर धाकट्या भावंडांचं न्हाणं-खाणं बघते. भावंडं हाक मारतात, "आते!" खाली इंग्रजीत अक्षरं आली, 'ताई'. मनोहरराव सावरून बसले. मुलगी मोठी होते, बाजारात काम करते. एक माणूस विचारतो, "आते, भाव काय?" खाली आलं, 'बाई'. ती अमेरिकेला येते. एका घरात मालकीण बोट दाखवते, "आते, हे पुसून घे." 'बाई'. सिनेमाभर तिला कुणीच नावानं हाक मारत नाही. ती सगळ्यांची थोरली, कुणाचीच लेक नाही.

मग पडद्यावर नोव्हायचा ओटा आला. दूध उतू गेलं, सगळा हॉल हसला. पडद्यावरचे मनोहरराव खुर्ची ओढत म्हणाले, "आते, बस. चहा घे."

खाली अक्षरं आली. 'बाई, बसा. चहा घ्या.'

मनोहररावांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. तोवर अक्षरं गेली होती. त्यांनी रुहीला कोपरानं ढोसलं. "काय लिहिलं होतं गं ते?"

"मिस," रुही कुजबुजली. "आजोबा, आते मीन्स बिग सिस्टर. दुकानात कोणाला पण म्हणतात. लाइक, मिस."

"अगं, आते म्हणजे तुझ्या बापाची बहीण."

रुहीनं तोंडावर हात दाबला. "बाबांना सिस्टर कुठंय? इट्स टगालॉग, आजोबा. तिनंच सांगितलं, कॉल मी आते."

म्हणजे सुजातानं काही शिकवलं नव्हतं. म्हणजे इतके महिने ते रोज दुपारी मायेनं जी हाक मारत होते, ती रोवेनाच्या कानांवर 'ओ बाई' अशी पडत होती. बाजारातला माणूस, ती बोट दाखवणारी मालकीण आणि मनोहर रामटेके, तिघं एका माळेत. साबण आणि सबोन एक निघाले म्हणून आतेही एकच असणार, असं धरून चालणारा स्वतःइतका गाढव माणूस त्यांना आसपास दुसरा दिसेना.

मध्यंतरात त्यांनी विवेकला गाठलं. "मला तिला सांगायचंय. आत्ताच."

सगळं ऐकून विवेकला आधी हसू आलं, मग बापाचा चेहरा पाहून ते विरलं. "बाबा, असू द्या ना यार. तिचा आज बिग डे आहे. लोकांना तो सीन आवडलाय. आता कशाला कन्फ्यूज करायचं तिला? नंतर फोनवर सांगा."

नंतर. नंतर म्हणजे ऑक्टोबर संपल्यावर. विवेकच्या आईलाही ते किती गोष्टी नंतर सांगणार होते.

बक्षिसं सुरू झाली. दिग्दर्शनाचं दुसऱ्या कुणाला मिळालं, छायाचित्रणाचंही. रोवेना पहिल्या रांगेत बसून सगळ्यांसाठी मनापासून टाळ्या वाजवत होती. मनोहररावांना त्या परीक्षकांचा राग आला. मग सहायक अभिनेत्याचं बक्षीस पुकारायला परीक्षकांतल्या एक प्राध्यापिकाबाई उठल्या. त्या म्हणाल्या की यंदा एका पाहुण्यानं आम्हाला आमचाच शब्द नव्यानं ऐकवला. पंचाहत्तरीचा माणूस आपल्या निम्म्या वयाच्या बाईला थोरली बहीण म्हणतो, स्वतः लहान होतो आणि तिला मान देतो. "मिस्टर मॅनोहार रॅमटेक!"

रामटेक त्यांच्यापासून पुष्कळ लांब राहिलं, पण नाव त्यांचंच होतं. रुही खुर्चीवर उभी राहून किंचाळली. विवेकनं हाताला धरून पायऱ्यांपर्यंत आणलं, आणि पुढं ते एकटेच चढले. चांदणीच्या आकाराचा, आपल्या आकाशकंदिलासारखा बांबूचा कंदील त्यांच्या हातात आला. समोर माइक होता.

'थँक यू' म्हणून उतरलं असतं तरी चाललं असतं. बक्षीस मिळालं होतं, रोवेनाची लाज राहिली होती. खरं सांगायला जावं तर बक्षिसाचं कारणच खोटं पडत होतं, आणि तेही तिच्या माणसांसमोर. पण माइकला ते कधी भ्याले नव्हते. त्यांनी टिचकी मारून तो चालू आहे याची खात्री करून घेतली आणि आपल्या डेपोच्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले.

"हे बक्षीस मला चुकून मिळालं आहे. परत घ्यायचं असेल तर घ्या. मी हिला थोरली बहीण म्हटलं नाही. मला तुमचा शब्द माहीतच नव्हता. तो मला आज कळला."

रोवेना मान वर करून बघत होती.

"आमच्याकडेही आते आहे. आते म्हणजे बापाची बहीण. माझी नात हिला आते म्हणाली, मी ऐकलं. मी म्हटलं, बरोबर. नातीची आते, म्हणजे माझ्या मुलाची बहीण. माझ्या मुलाची बहीण म्हणजे..." इथं ते नेहमीप्रमाणे थांबले. "म्हणजे माझी मुलगी. मी रोज तिला तेच म्हणत होतो. तिला ते कळलं नाही, कारण मी दुसऱ्याच्या तोंडानं म्हणत होतो. सिनेमात माझ्या बोलण्याखाली जे लिहिलंय ते चूक आहे. ते दुरुस्त करून घ्यावं."

एवढं बोलून त्यांनी सवयीनं "धन्यवाद" म्हटलं आणि माइक बंद केला. आधी एक म्हातारी रडायला लागली, मग टाळ्या सुरू झाल्या, आणि प्राध्यापिकाबाईंनी तो कंदील परत त्यांच्याच छातीशी लावला. मनोहररावांना यातलं काही नीट दिसलं नाही. ते पहिल्या रांगेतली खुर्ची शोधत होते, आणि खुर्ची रिकामी होती.

कार्यक्रम संपेपर्यंत ती परतली नाही. लोक येऊन हात हातात घेत होते, फोटो काढत होते, आणि मनोहररावांचा जीव कासावीस होत होता. आपण हे काय करून बसलो? तिला तिचा बाप असेल की. नसला तरी त्याची जागा घेणारे आपण कोण? चार लोकांत, तिला न विचारता, मुलगी म्हणून मोकळे झालो. तिला अपमान वाटला असेल तर? आता ती ऑक्टोबरअखेरपर्यंतसुद्धा यायची नाही.

"बाबा, कमॉन, घरी जाऊ या," सुजाता म्हणाली. तिचेही डोळे लाल झाले होते. "ती करेल फोन."

बाहेर पार्किंग लॉटमध्ये सूर्य कलला होता. माणसं गाड्यांत ताटल्या, खुर्च्या, मुलं भरत होती. आणि पार टोकाला, आपल्या जुन्या निळ्या गाडीशी, लाल पोशाखातली रोवेना पाठमोरी उभी होती. एका हातानं तिनं गाडीचं दार धरलं होतं, दुसऱ्या हातातल्या रुमालानं ती चेहरा पुसत होती. निघालीच होती.

मनोहरराव काठी न घेता चार पावलं पुढं झाले. एवढ्या लांब चालत पोचणं शक्य नव्हतं. त्यांनी जोरात हाक मारली, "आते!"

पार्किंगमधल्या निम्म्या बायका वळल्या. पोरीबाळी, नर्सा, आज्या, सगळ्या. कुणाला तरी धाकट्या भावानं हाक मारली असणार, म्हणून रोवेना तेवढी वळली नाही. तिनं दार उघडलं.

मनोहररावांच्या ओठांवर परत तोच शब्द आला आणि त्यांनी तो गिळला. आयुष्यात एकाही बाईला त्यांनी अशी चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती, स्वतःच्या बायकोलासुद्धा नाही. बाप लेकीला काय म्हणून हाक मारतो? तिचं नाव घेतो, दुसरं काय.

"रोवेना!" फलाटावरची सगळी गर्दी ऐकेल असा तो आवाज होता. "अगं ए रोवेना! चल घरी जेवायला!"

मराठीतच ओरडले ते, आणि ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण रोवेना वळली. उघडं दार हातात धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा मुखा रडून रडून सुजला होता. रुहीनं कुणी सांगायच्या आत भाषांतर करून टाकलं, "ही सेज कम होम! डिनर!"

रोवेनानं गाडीचं दार लावलं. निळ्या गाडीशी उभी राहूनच, सगळ्या लॉटला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "जेवायला काय आहे?"

मनोहररावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सुजाताकडे पाहिलं.